उपाशीपोटी

त्या वर्षी आमच्या घरात एकच कायदा होता. नंदूला रडू द्यायचं नाही. नंदू माझा भाऊ, तीन वर्षांचा, आणि मी तेरा वर्षांची. तो रडला, खोकला, नाहीतर परसाकडे बसून कुंथला की त्याच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा वर यायचा. आई त्याला उताणा निजवायची, पाय वर धरायची आणि तळव्याने तो फुगवटा हळूहळू दाबायची. मग आत कुठेतरी गुडगुड व्हायची आणि फुगवटा नाहीसा. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, बरा झाला. मग कळलं की हे रोजचंच आहे. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जन डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं की हा हर्निया आहे, आतडं खाली उतरतं, अर्ध्या तासाचं ऑपरेशन, घाबरायचं कारण नाही. फक्त तोवर मुलाला रडू देऊ नका, कारण एखाद्या वेळी आतडं उतरलं आणि तिथेच अडकलं तर जिवावर बेतेल. हे सगळं त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता, मान खाली घालूनच सांगितलं. बाबांनी विचारलं, "मग ऑपरेशन कधी?" तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "भुलीचे डॉक्टर येतील तेव्हा."

तीन वर्षांच्या पोराला रडू देऊ नका म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांना स्वतःची मुलं नसावीत. पंधरा दिवसांत नंदू आमच्या डोक्यावर मिरे वाटायला लागला. त्याला कळलं होतं की ओठ नुसता थरथरवला तरी घर धावत येतं. पेजेत मीठ कमी म्हणून ओठ. माझ्या ताटातली सुकट हवी म्हणून ओठ. मी वेणी घालते आहे आणि फणी त्यालाच हवी म्हणून ओठ. शेजारच्या भागीकाकीचा कोंबडा त्याच्या मांडीवर बसत नाही म्हणूनसुद्धा ओठ, आणि मग मी, आई आणि स्वतः भागीकाकी अशा तिघी त्या कोंबड्यामागे अंगणभर धावतोय! आज हसू येतं. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबा मुंबईला गोदामात कामाला होते, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. आई सकाळी दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलायला जायची. मग नंदूला कोण बघणार? मी. सातवीची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझं दप्तर खुंटीला टांगलेलं. शाळा आमच्या घरापासून इतकी जवळ की पाढ्यांचा आवाज ओटीवर यायचा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरी आमच्या कुंपणाशी येऊन हाका मारायच्या, "कुंदे, येतेस काय गं?" आणि मी कमरेवर नंदूला घेऊन उभी. तो त्यांना खुशाल टाटा करायचा. एक दिवस मी आईला म्हणाले, "आये, मी जाते शाळेत, तू राव घरी." ती भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, "मी रायले तर खानार काय? तू खातीस ना भाकर?" खात तर होतेच. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मी त्या महिन्यांत रागाने दुप्पट खात होते.

भुलीचे डॉक्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, वर मोठा दिवा होता, कापणारे डॉक्टरही होते. माणसाला झोपवणारं कोणी नव्हतं. ते डॉक्टर खाडीपलीकडचे. एका गुरुवाराआड यायचे, आगरदांड्याला लाँच धरायची, दिघीला उतरायचं, तिथून एसटीने बोर्लीवरून पुढे. लाँच चुकली की ऑपरेशन चुकलं. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहून काय मिळणार आहे? इथे काय आणि पलीकडच्या तालुक्यात काय, गोष्ट तीच होती. आता त्या खाडीत मोठी बोट चालते, तिच्यावर मोटारी चढतात, आणि दवाखान्याची फरशी अशी गुळगुळीत आहे की माझी चप्पल घसरते. गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेबरोबर तिच्या मुलाला दाखवायला गेले होते. भिंतीला पाटी होती: भूलतज्ज्ञ, गुरुवार. मी ती पाटी वाचून इतक्या मोठ्याने हसले की सिस्टर बाहेर आली. तिला बिचारीला काय माहीत मला कशाचं हसू येतंय ते.

पहिल्या गुरुवारी बाबा रजा घेऊन आले होते. आदल्या संध्याकाळपासून काही खायला-प्यायला द्यायचं नाही, असं सिस्टरने बजावलं होतं, म्हणून आम्ही तिघांनी नंदूसमोर काही खाल्लं नाही. साडेसहाची एसटी, उपाशी पोर, आणि कायदा तर तोच, रडू द्यायचं नाही! बाई गं, ते चार तास. बाबांनी त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या आवारात पंचवीस फेऱ्या मारल्या. आईने त्याला दाराच्या कड्या वाजवून दाखवल्या. मी नाचले, अगदी खरं सांगते, पोटात कावळे ओरडत असताना रांगेतल्या माणसांसमोर नाचले. एक वाजता सर्जन डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, भुलीचे डॉक्टर तिकडेच एका बाळंतिणीच्या ऑपरेशनला अडकलेत, आज येत नाहीत. बाहेरच्या टपरीवर नंदूने दोन पाव चहात बुडवून खाल्ले आणि तिसऱ्यासाठी ओठ काढला. बाबांनी तो दिला आणि त्याच संध्याकाळी मुंबईला परत गेले.

दुसऱ्या गुरुवारी डॉक्टर आले. बाबा पुन्हा आले होते, मुकादमाच्या हातापाया पडून. नंदूला आत घेतलं, आणि पाच मिनिटांत बाहेर आणलं. श्वासासाठी घशात घालायची लहान मुलांची नळी खोक्यात नव्हती, सगळ्या मोठ्या माणसांच्या होत्या. भुलीचे डॉक्टर उंच, सडपातळ, कानाजवळचे केस पिकलेले. त्यांनी तो खोका आमच्यासमोरच बाकावर उलटा केला आणि म्हणाले, "बघा, तुम्हीच बघा. पुढच्या खेपेला मी घरून घेऊन येतो, पिशवीत टाकून." बाबा कोणाशीतरी भांडायला गेले, पण भांडायला तिथे कोणी सापडलं नाही. मी मात्र त्या डॉक्टरांना धीर करून विचारलं, कारण नंदूच्या उपासाचा सगळा ताप मला होत होता. "डॉक्टर, उपाशी कशाला ठेवायचं? तो लहान आहे." त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, "तू पाण्यात बुडणारा माणूस पाहिलास कधी? मी भूल देतो तेव्हा घसासुद्धा झोपतो. पोटात काही असलं तर ते वर येतं आणि छातीत उतरतं. माणूस झोपेतच बुडतो, पाण्याशिवाय. आणि मला काढता येत नाही त्याला बाहेर." इतकं सरळ मला मोठ्या माणसाने तोवर काही सांगितलं नव्हतं. घरी येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत काही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला बाबांना रजा मिळाली नाही. ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी आधीच सही करून ठेवली होती. आई म्हणाली, आपण दोघी नेऊ. बुधवारी संध्याकाळी भागीकाकी कुंपणापाशी आली. दोन वेळा काम फिसकटलं याचं कारण तिने शोधून काढलं होतं. "दोन्ही टायमाला तुमी दही न घेता गेलाव. माझ्या डोळ्यानं बघितलं मी. असं कोन भायेर पडतं काय गं?" आईने कपाळावर हात मारला. खरंच की! कोणी परीक्षेला निघो, मुंबईला निघो, मुलगी बघायला निघो, हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडत नाहीत, आणि उपाशी ठेवायच्या धास्तीत दोन्ही वेळा तेच राहून गेलं होतं. आमच्याकडे तेव्हा गाय आटलेली होती. गुरुवारी सकाळी उजाडता उजाडता भागीकाकी स्वतः चांगल्या घट्ट दह्याची वाटी देऊन गेली, वर साखर भुरभुरलेली. आईने माझ्या तळव्यावर थेंबभर ठेवलं, स्वतःच्या ठेवलं, नंदूच्या ठेवलं, देवाला हात जोडले, वाटी ओटीवर ठेवली आणि पिशवी आणायला आत गेली.

रात्रभर उपाशी असलेल्या पोराच्या जिभेला साखर लागली. तुम्हीच सांगा, काय होणार? त्याने तळवा चाटला, पालथा हातही चाटला, आणि मग ओठ निघाला. साधासुधा नाही, हनुवटीपर्यंतचा. डोळे भरले, श्वास आत ओढला. तो श्वास बाहेर पडला की रडं, रडं आलं की फुगवटा, आणि एसटी पाच मिनिटांत यायची होती. मी त्याला उचललं, घराच्या मागे नेलं आणि वाटी त्याच्या तोंडाला लावली. त्याने सगळी संपवली. मी त्याचं तोंड माझ्या परकराने पुसलं आणि वाटी भागीकाकीच्या पायरीवर ठेवून आले. तेव्हा माझ्या मनात डॉक्टरांचं बोलणं आलं का? नाही आलं. रडू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हाडीमासी खिळलं होतं. शिवाय ते दही होतं हो! दही म्हणजे खाणं, असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तो शकुन होता.

दवाखान्यात सगळं कसं वेळेवर चाललं होतं. डॉक्टर आलेले, पिशवीत लहान नळ्या आणलेल्या. सिस्टरने आईला विचारलं, "काही खाल्लंय का त्याने?" आई म्हणाली, "पानीसुदीक न्हाय." डॉक्टरांनीही विचारलं, तेच उत्तर. नंदूला हिरवा झगा चढवला, तो खुशीत होता, पोट भरलेलं असल्यावर त्याच्याइतकं गोड पोर नाही. सिस्टर त्याला कडेवर घेऊन आत गेली, दार लागलं, आणि मग मला डॉक्टरांचा आवाज कानात ऐकू आला. झोपेतच बुडतो. मी आईच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "आये, नंदूनं दही खाल्लं. वाटीभर. मीच दिलं."

मला वाटलं ती किंचाळेल. तिने माझं मनगट धरलं आणि दाराकडे बघतच म्हणाली, "ठाव हाय मला. दही बघितलं मी तुज्या परकराला."

"मग सांग ना त्यांना!"

"गप रव."

"आये, डॉक्टर म्हणालेत, पोटात असलं तर..."

"गप रव म्हनते ना! तीन येळेला आलाव. आज न्हाय झालं तर परत पंधरा दिस. पंधरा दिसांत त्याचं काय झालं तर? तुजा बा हाय हितं? कोन हाय हितं? दही काय जेवान हाय? देवाचं म्हनून दिलेलं कधी बादलंय कुनाला?"

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. सुपारी सोलणारी बोटं ती, लोखंडाची. मला तिचा राग आला आणि तिची भीती वाटली, आणि मला तिचं म्हणणं पटतही होतं, हे कबूल करते. पंधरा दिवस पुन्हा ओठ, पुन्हा कोंबडा, पुन्हा कुंपणाशी पोरींच्या हाका. मी नुसतं तोंड बंद ठेवलं तर तासाभरात सगळ्यातून सुटका होती. माझीच सुटका, नंदूची तर होतीच. आणि न सुटला तर? त्या बाकावर आम्ही दोघी किती वेळ बसलो असू कोण जाणे, पाच मिनिटं असतील. माझ्या आयुष्यातली तेवढी पाच मिनिटं कोणी घेऊन जाईल तर मी आनंदाने देईन. मला उठता येत नव्हतं, आई उठू देत नव्हती. म्हणून मी बसल्या जागेवरून ओरडले. घशाच्या शिरा ताणून ओरडले, "डॉक्टर! त्यानं दही खाल्लंय! डॉक्टर!"

सगळी रांग वळून बघायला लागली. दार उघडलं. भुलीचे डॉक्टर बाहेर आले, तोंडाचं फडकं हनुवटीखाली ओढलेलं. "किती?" त्यांनी मला विचारलं. मी एकाच हाताने वाटीचा आकार दाखवला, दुसरा आईच्या हातात होता. "कधी?" "साडेसहाच्या जरा आधी." ते आईकडे वळले. "बाई, तुम्ही तर नाही म्हणालात." आई उभी राहिली. "खायला काय न्हाय दिलं सायेब. दही दिलं, शकुनाचं." डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि नंदूला स्वतः कडेवर घेऊन बाहेर आले, झोपवायच्या आधीच मी ओरडले होते. त्यांनी नंदूला आईकडे दिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, आईच्या देखत. घरी आल्यावर आई पिशवी टेकवून म्हणाली, "आता तूच सांभाळ त्याला. लई कळतंय ना तुला."

मी पुढे अंगणवाडीत नोकरी केली, केस पांढरे होईपर्यंत केली. गावातलं कोणाचंही पोर ऑपरेशनला निघालं की मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसायचे आणि खाण्याचं विचारायचेच नाही. दही दिलंत का, तीर्थ दिलंत का, अंगाऱ्याचं पाणी पाजलंत का, असं एकेक विचारायचे. खाल्लं का, म्हटलं की सगळ्या नाही म्हणतात, आणि कोणी खोटं बोलत नसतं. हे दवाखान्यात कोणाला सुचत नाही, कारण त्यांना कोणी हातावर दही ठेवून पाठवलेलं नसतं. पण तेव्हा मी शहाणी वगैरे काही नव्हते. मी घरात गुन्हेगार होते. आई माझ्यासमोर ताट सरकवायची ते न बोलता. भागीकाकी कुंपणाशी यायची आणि माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची. बाबांचं पत्र आलं, त्यात सगळ्यांची खुशाली विचारली होती, माझं नाव नव्हतं. आणि नंदू, तो माझ्या कमरेवरून खाली उतरायलाच तयार नव्हता. मी त्याला पाठीवर घेऊन भांडी घासली. दिवस मोजायचे नाहीत असं ठरवूनही मी मोजत होते.

दहाव्या दिवशी दुपारी त्याने माझं भूगोलाचं पुस्तक घेतलं आणि पानं फाडायला लागला. परीक्षा तर बुडणारच होती, पुस्तकाचं मला करायचं होतं काय? पण माझ्यात काहीतरी तुटलं. मी पुस्तक ओढून घेतलं आणि म्हणाले, "नाही देणार. रड. काय रडायचं ते रड." आणि तो रडला. चार महिन्यांचं साठलेलं रडला. फुगवटा वर आला तो रोजच्याहून मोठा, मी उताणा निजवलं, पाय वर केले, दाबलं, आणि तो आत जाईना. हाताला सुपारीसारखा घट्ट लागायला लागला. मग तो ओकला. मी त्याला उचलून वाडीपर्यंत धावत गेले, अनवाणी. आईने माझ्याकडे बघितलं आणि हातातली सुपारी टाकून उठली. वाडीच्या मालकाचा टेम्पो सुपारी भरून उभा होता, पोती तिथेच उतरवून त्यांनी आम्हाला दवाखान्यात सोडलं.

सर्जन डॉक्टरांनी नंदूचे पाय उंच बांधले, बर्फ लावला, दाबून पाहिलं, अर्धा तास झटले. मग घाम पुसून म्हणाले, "अडकलंय. आत्ता उघडायला हवं. मुंबईला नेता?" मुंबई म्हणजे सहा तास, आणि गाडी कुठली? ते स्वतःच म्हणाले, "नका नेऊ, वाटेत जाईल." आणि फोनवर जाऊन बसले. तो गुरुवार नव्हता, रविवार होता. भुलीचे डॉक्टर पलीकडे घरी होते. निघतो म्हणाले. पण रविवारची दुपारची लाँच सुटून गेली होती. आम्ही बाकावर बसलो. नंदू आता रडतही नव्हता, कण्हत होता, त्याचं तोंड हिरवट पडलं होतं. आई एकदाही मला बोलली नाही. मीच पुस्तक ओढलं हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिने मान हलवली. मला कोणीतरी मारावं असं वाटत होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा ते आले. कोळ्याच्या होडीतून खाडी ओलांडून, दिघीहून कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. पॅंट गुडघ्यापर्यंत भिजलेली, खाऱ्या पाण्याचा वास येत होता अंगाला. ते सरळ नंदूपाशी आले, नाडी बघितली, पोटावर हात ठेवला. आई पुढे झाली. ती सकाळपासूनचं सगळं मनात लावून बसली असावी, कारण ती घडाघडा बोलायला लागली, "सायेब, सकाळच्याला पेज दिली मी..." डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग गं. काय काय खाल्लंय याने?"

मी सांगितलं. सकाळी पेज. अकराला पाव, अर्धा. मग तीनदा ओकला. टेम्पोत दोन घोट पाणी, ते मीच दिलं. एकही गोष्ट सोडली नाही. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते आणि मला, काय सांगू, अशा वेळेलासुद्धा, भाऊ मरायला टेकला असताना, मला अभिमान वाटला. "ठीक आहे," ते म्हणाले, "पोट भरलेलं आहे असं धरून चालतो. आधी नळीने रिकामं करू, मग झोपवू. कळलं असलं की करता येतं काहीतरी." आणि आत गेले. दीड तासाने सर्जन डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आतडं काळवंडलं होतं, पण गरम पाण्याचं फडकं ठेवल्यावर लाल झालं, कापावं लागलं नाही. वाचला. मी रडायला लागले ते मला थांबवता येईना. नंदू आता पन्नाशीकडे आलाय, दिघीच्या बंदरात क्रेन चालवतो, आणि अजूनही माझ्या ताटातलं उचलून खातो.

वॉर्डात आणल्यावर सिस्टर आली. उद्या सकाळपर्यंत पाणी नाही, मग चमच्याने, मग पेजेचं नुसतं पाणी, असं सगळं तिने सांगितलं, मला सांगितलं. आई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती, सिस्टरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू लक्ष ठेव हं," माझा खांदा थोपटून ती गेली. डॉक्टरही जाताना मलाच म्हणाले, "येतो गं." पुढे आमच्या घरात आईच्या मरणापर्यंत हेच चाललं. तिच्या स्वतःच्या आजारपणातसुद्धा डॉक्टर मला विचारायचे, यांना कुठे दुखतं, आणि मी सांगायचे, आणि ती ऐकत पडलेली असायची. पोरगं दारापलीकडे नेलेलं, शेजारी मोठं माणूस कोणी नाही, आणि परत फिरायचा जीव नाही, अशा जागी तिने एकदा तोंड मिटून घेतलं होतं. त्यापूर्वी किंवा नंतर ती कधी कोणाशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी नंदू झोपला होता. आई अजून खाटेच्या पायथ्याशीच होती. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "मला बी इचारायचं व्हतं त्यांनी. मी आज खरंच सांगत व्हते."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि नंदूचं पांघरूण सारखं करत बसले. "व्हय आये, तू खरंच सांगत व्हतीस," एवढं म्हणायला माझं काय जात होतं?